दोरीवरचे लंगोट

बाबांनी पांढऱ्या कापडाचा चौकोन पलंगावर पसरला, तिरका दुमडला, पुन्हा दुमडला आणि अंगठ्याच्या नखाने कड दाबत नेली. बाळाचे पाय हलकेच उचलून खाली लंगोट सरकवला, मधलं टोक पोटावर आणलं, बाजूची टोकं ओढून सैलसर गाठ मारली. बाळ तोंड वेडंवाकडं करून रडायच्या बेतात होतं, तेवढ्यात सगळं उरकलंसुद्धा.

"बुकबाइंडरचे हात," त्यांची बाळंतीण लेक खुर्चीतून म्हणाली.

बाबा नुसते हसले. उभा जन्म त्यांनी छापखान्यात कागदाच्या घड्या घालण्यात काढला होता, त्यामुळे तिचा तर्क कुणालाही पटला असता. त्यांनी तो खोडला नाही.

बाळंतपणाला आईने यायचं, पण आई जाऊन काही वर्षं झाली होती, म्हणून बाबा आले होते. जावई बोटीवर कामाला. सुट्टी संपल्यावर त्याला जावंच लागलं. जाताना त्याने आयते डायपर आणायचा विषय काढून पाहिला होता. लेकीने तो तिथेच मिटवला. बाळ कापडावरच वाढणार, हे तिने दिवस गेले तेव्हापासून ठरवलं होतं. कापड स्वतः निवडून आणलं, चौकोन बेतले, कडा हाताने दुमडून शिवल्या.

हे सगळं आईमुळे. कुणाच्या घरी बाळ झालं की आईची गोष्ट सुरू व्हायची. ऐन थंडीचे दिवस, नळाचं पाणी हाताला चावणारं, घरभर बांधलेल्या दोऱ्या, स्वयंपाकघरात डोक्यावर लोंबणारे ओले लंगोट, सोलून निघालेले हात. "पण माझ्या चिमीला एकदासुद्धा पुरळ उठलं नाही," हे शेवटचं वाक्य. ते सांगताना आईचा चेहरा उजळायचा. चिमी त्या गोष्टीच्या उबेतच मोठी झाली होती. बाबा तिथेच असायचे, पेपर वाचत किंवा पाहुण्यांपुढे बशी सरकवत.

आता आठवडाभर आभाळ भरून राहिलं होतं. गॅलरीतले लंगोट काही केल्या वाळत नव्हते. बाबा ते इस्त्रीखाली घालत, आणि खोलीभर दमट, उबट वास पसरे. त्या वासाने बाबांना आपलं जुनं दोन खोल्यांचं घर आठवे, स्टोव्हचा आवाज आठवे, आणि बायकोची पाठ. मग ते इस्त्री जरा जोरात फिरवत.

लेकीचं काहीतरी बिनसलं आहे, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. ती वेळेवर पाजायची, आणि पाजून झालं की बाळ लगेच त्यांच्याकडे द्यायची. त्याच्या तोंडाकडे पाहायची नाही.

त्या दुपारी बाळ झोपलं होतं. न्हाणीघरातून पाण्याचा आवाज बराच वेळ येत राहिला, म्हणून बाबा पाहायला गेले. बादली भरून वाहत होती. लेक स्टुलावर बसली होती. तिचे हात पाण्यात होते, पण हलत नव्हते.

बाबांनी नळ बंद केला.

"आईला कसं जमलं हो?" ती म्हणाली. "बाळ रडलं की मला उठून दुसरीकडे निघून जावंसं वाटतं. आईला असं कधीच वाटलं नसणार."

बाबा उंबऱ्यावर टेकले. आईने ती गोष्ट पहिल्यांदा चारचौघांत सांगितली, तेव्हा बोलता बोलता तिने एकदाच त्यांच्याकडे पाहिलं होतं. त्यांनी मान डोलावली होती. तेव्हापासून गोष्ट तिची झाली. त्यावर दोघांत कधी एक शब्द झाला नाही. त्यांनी हातातल्या टॉवेलची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली.

"चिमे, तुझी आई तेव्हा भिंतीकडे तोंड करून पडून असायची," ते म्हणाले. "तुला पाजायची आणि परत पाठ फिरवायची. लंगोट मी धुतले."

तिने पाण्यातून हात बाहेर काढले.

मग ते सावकाश सांगत गेले. कामावर जायच्या आधी धुवायचे, आल्यावर पुन्हा धुवायचे. बोटांना भेगा पडल्या, तेव्हा कोऱ्या कागदाला डाग लागू नयेत म्हणून छापखान्यात चिंध्या गुंडाळून बसायचे. सगळे विचारत, घरी काय म्हणतात बाळ-बाळंतीण? छान आहेत, असं सांगायचे. बायकोला नेमकं काय झालंय ते कळत नव्हतं, आणि विचारायचं कुणाला तेही कळत नव्हतं. आता कळतं, ते म्हणाले. उद्या आपण डॉक्टरीणबाईंकडे जाऊ.

"म्हणजे आई खोटं सांगायची?"

"खोटं कसलं? थंडी खरी, दोऱ्या खऱ्या. तुला पुरळ उठलं नाही, तेही खरं." ते जरा थांबले. "हात तेवढे माझे होते."

तिला हसू फुटलं, आणि हसता हसताच तिचे डोळे वाहायला लागले. बाबांनी टॉवेल पुढे केला. तिने तो तसाच मांडीवर ठेवला. मग तिने विचारलं, डायपर आणले तर आईला वाईट वाटलं असतं का.

"तेव्हा परवडले असते तर मीच आणले असते," बाबा म्हणाले.

"आईला बरं कधी वाटलं?"

"एकदम नाही. एक दिवस कामावरून आलो, तर ती गॅलरीत उभी. दोरीवरचे लंगोट काढत होती. मी सांगितलं नव्हतं."

"तुम्ही काय म्हणालात?"

"काही नाही. दारातच उभा राहिलो. म्हटलं, आवाज झाला तर परत आत जाईल."

आतून बाळाची कुरकुर ऐकू आली, मग रडणं. बाबा सवयीने उठले, पण लेक त्यांच्या आधी उभी राहिली होती. हात पुसत ती खोलीच्या दारापर्यंत गेली आणि चौकटीला धरून थांबली. आत गेली नाही. मागेही वळली नाही.

भरलेली बादली बाबांच्या पायाशी होती. आवाज होईल म्हणून त्यांनी ती हलवली नाही.