जुना रेडिओ काढायचा नाही

मयत घेऊन निघालेल्या गाडीत ड्रायव्हरने तोंड बंद ठेवावं, एवढी साधी गोष्ट जाफेथला कुणी शिकवलीच नव्हती. नाकुरूच्या शवागाराबाहेर मेशाकची पेटी गाडीत सरकवून झाली, त्याची बायको नेरिया नवऱ्याचा कोट अंगात घालून पेटीशेजारच्या बाकावर बसली, तरी हा गडी आपला नव्या स्टिरिओचं कौतुक सांगतोय.

"ताई, कुठली भजनं लावू ते फक्त सांगा. जुना रेडिओ जपानचा, इथलं एक स्टेशन धरेल तर शपथ! पण आमच्या मालकांचा हुकूम, जुना काढायचा नाही. त्याची तारसुद्धा तोडायची नाही. जपानहून आली तश्शी गाडी दिसली की विकताना बरी पडते म्हणे. मग वायरमनने नवा बसवला या खणात. तोडलं काहीच नाही, नुसतं जोडलं. पुढचे स्पीकर कधीचेच मेलेत, म्हणून दोन्ही रेडिओंच्या तारा मागच्या स्पीकरना दिल्या. अगदी पेटीच्या उशाशी!"

"तुझं कीर्तन झालं असेल तर गाडी काढ," म्हणत मेशाकचा थोरला भाऊ ओबेद पुढच्या सीटवर चढला. दोघा भावांची म्हातारी पेरेस आत्या नेरियाजवळ टेकली. बाकीची मंडळी चर्चच्या बसने पहाटेच पुढे गेली होती. नेरियाच्या दोन्ही मुलीही त्याच बसमध्ये होत्या.

गाव होतं पार किसुमूच्या पलीकडे, सेमेला. त्या गावाचं नुसतं नाव निघालं तरी नेरिया विषय बदलायची. मेशाकची पहिली बायको डोरिना तिथल्या अंगणात पुरलेली. ती गेल्यावर मेशाकने नेरियाशी लग्न केलं, नाकुरूच्या पिठाच्या गिरणीत नोकरी करत संसार केला, पण गावच्या अंगणात तिच्या नावाची झोपडी काही बांधली नाही. पुढच्या वर्षी बांधू, पुढच्या वर्षी बांधू, करता करता माणूसच गेला. स्वतःची झोपडी नसलेल्या बायकोला त्या अंगणात हक्क नाही. आता दिराच्या मनात असेल तर तिने फाटकातून आत पाऊल टाकायचं. नसेल तर नवऱ्याला माती देणारे दुसरे, आणि मुलींचा त्या घराशी संबंध संपला. ओबेद तिला नावाने हाक मारत नसे. 'नाकुरूवाली' म्हणे.

मोलोचा चढ संपला, थंडी वाजायला लागली. भजनं संपली होती. केरिचोचे चहाचे मळे सुरू झाले आणि धुकं काचेला चिकटलं. आत्याला डुलकी लागली होती. नेरिया पेटीवर हात ठेवून बसली होती. चार रात्री तिचा डोळ्याला डोळा नव्हता.

तेवढ्यात पेटीच्या उशाशी बारीक घंटी वाजली. टिंग.

आणि बाई बोलली.

हळू, गोड, समजूत घातल्यासारखं. भाषा घरची लुओ नाही, स्वाहिली नाही, इंग्रजी नाही. एक वाक्य बोलली, थांबली, पुन्हा घंटी, पुन्हा तेच वाक्य. मग गप्प.

नेरियाने हात पेटीवरून असा ओढला, जसा तव्यावरून ओढतात. आत्या खडबडून जागी झाली आणि छातीवर क्रूस काढत सुटली. जाफेथने ब्रेक एवढ्या जोरात दाबला की पेटी इंचभर पुढे सरकली. ती सरकली तशी ओबेदने जी किंकाळी मारली, ती त्याच्या वयाला काही शोभली नाही.

"कोण बोललं?" तो ओरडला. "आत्या, तू?"

"मला मेलीला कुठली आलीय असली भाषा!"

गाडी रस्त्याकडेला थांबली. सगळे भराभर खाली उतरले. भाजलेली कणसं विकणारी एक पोरगी त्यांच्याकडे धावत आली आणि त्यांचे चेहरे बघून आल्या पावली मागे फिरली. नवऱ्याच्या कोटाची बाही नेरियाने मुठीत घट्ट धरून ठेवली होती.

ओबेदला जरा धीर आला तसा आवाजही आला. "मी सांगतो कोण बोललं. डोरिना बोलली. आपल्या नवऱ्याला न्यायला आलीय ती. आणि तिच्या जागेवर ही नाकुरूवाली बसलेली तिला चालत नाही. चिएन आहे ती, सूड घेणारं भूत, चिएन! दुखावलेली बाई अशीच परत येते. हिला घेऊन घरी गेलो तर ती उद्या पोराबाळांना खाईल."

"भावजी, मी तिचं काय वाईट केलं?" नेरियाने विचारलं. "मी तिला पाहिलंसुद्धा नाही कधी."

"ते तिला विचार. तू इथेच उतर. केरिचोहून नाकुरूला ढीगभर गाड्या जातात."

"आणि माझ्या मुली?"

"मुली आमच्या रक्ताच्या आहेत, आम्ही बघू."

खरं सांगायचं तर नेरियाला ओबेदपेक्षा त्या आवाजाची भीती जास्त वाटत होती. लग्नाच्या पहिल्या वर्षी डोरिना तिच्या स्वप्नात यायची, दारात उभी राहायची, बोलायची नाही. आज बोलली, असं तिच्या मनाने केव्हाच धरून टाकलं होतं. ती आपली पिशवी काढायला गाडीच्या मागच्या दाराशी गेली, तर तिथे जाफेथ स्पीकरला कान लावून वाकलेला.

"ताई," तो कुजबुजला, "भूतबित काही नाही हो. तो जुना रेडिओ आहे. बघा, खुर्र आवाज येतोय यातून. एवढी वर्षं तो मेल्या स्पीकरमध्ये बोलत असणार, ऐकणार कोण? आता वायरमनने त्याची तार चांगल्या स्पीकरला जोडलीय. आणि जोडल्यापासून मी गाडी गावाबाहेर काढलीच नव्हती."

"मग सांग ना त्यांना!"

"मी? मयताच्या गाडीत ड्रायव्हरने भूत बोलवलं म्हणून हाडं मोडतील माझी. आणि मालकाला कळलं तर नोकरीवर पाणी."

"जाफेथ, माझ्या मुली फाटकाशी वाट बघतायत."

जाफेथने खाली बघितलं, वर बघितलं, एक शिवी हासडली, कुणाला कोण जाणे, आणि गेला ओबेदसमोर. भीत भीत का होईना, सगळं सांगितलं. "थांबा, दाखवतोच," म्हणत त्याने किल्ली फिरवली. जुन्या रेडिओचा पडदा उजळला.

काही नाही. बंद केली, पुन्हा फिरवली. काही म्हणजे काही नाही. धुक्यातून एक ट्रक भोंगा वाजवत गेला तेवढाच आवाज.

ओबेद हसला. "किती दिले हिने तुला?"

"देवाशपथ, बाबा, मघाशी..."

"मघाशी रेडिओ होता आणि आता मुका झाला? तुझ्या बापाला शिकव हे." आणि त्याने जाफेथच्या कानाखाली वाजवली. जाफेथ गाल चोळत उभा राहिला, पण किल्ली काढून खिशात घातली. "मारा. पण ही गाडी या ताईंनी ठरवलीय. त्या नाहीत तर गाडी हलणार नाही. मग मयत डोक्यावर घेऊन चला सेमेपर्यंत."

आता पेरेस आत्या मध्ये पडली. घराण्यात तिचा शब्द खाली पडत नसे. "भर रस्त्यात मयत ठेवून भांडताय, लाज वाटते का रे? ती पुढे बसेल, पेटीपासून लांब. फाटक येईपर्यंत आवाज आला नाही, तर ती आत येईल. आला, तर पोरी, तुला फाटकातच उतरावं लागेल. माझाही मग इलाज नाही."

झालं, जागा बदलल्या. नेरिया पुढे बसली, ओबेद मागे, बरोबर पेटीच्या उशाशी. "आणि ते भजनबिजन बंद," त्याने दटावलं. "तिला बोलायचं असेल तर बोलू दे. सगळ्यांना ऐकू येऊ दे."

उतार लागला. जाफेथने समोरच बघत, ओठ न हलवता सांगितलं, "तुमच्या पुढचा खण आहे ना, त्यात डाव्या बाजूला काळ्या टेपने गुंडाळलेला जोड आहे. जुन्याची तार तीच. आत्ता उपटा, विषय संपला. पुन्हा ती बोलणार नाही."

नेरियाने पदराआड खण उघडला. कमरेला गुंडाळलेल्या कांग्याच्या कापडाचा तो पदर तिने तसाच गुडघ्यावरून ओढून घेतला. बोटांना गुंता लागला, गार तारा, चिकट टेप. उपटायचीच ती. आणि बोटं थांबली.

आत्ता उपटली तर फाटक येईल, आवाज येणार नाही, आत जायला मिळेल. आणि मग? केरिचोला कोण बोललं, ते कुणाला कधीच कळणार नाही. जन्मभर एखादं वासरू मेलं तरी डोरिना, एखादं पोर तापलं तरी डोरिना, आणि सगळ्याला कारण नेरिया. मुलींची लग्नंसुद्धा त्या नावाने मोडतील. छे, तिला बोलू द्यायला हवं. ती बोलेल तेव्हाच तोडायची, सगळ्यांच्या देखत.

पण तोडल्यावरही ती बोलतच राहिली तर?

ड्रायव्हर म्हणतो रेडिओ. ड्रायव्हरला काय कळतं? किल्ली फिरवली तेव्हा का नाही बोलला रेडिओ? तिने बोटं जोडावरच ठेवली आणि मनात नवऱ्याला म्हणाली, अरे, एक झोपडी बांधली असतीस तर आज ही वेळ आली असती का? तिला त्याचा राग आला, भयंकर राग. त्या रागाने जरा ऊब आली, पण अहेरोच्या भातशेतांपर्यंतच टिकली. मग पुन्हा भीती. प्रत्येक खड्ड्याला तिला घंटी ऐकू आल्यासारखं वाटे. किसुमूत गाडी बोडाबोडांच्या, म्हणजे भाड्याच्या फटफटींच्या, गर्दीत अडकली, फटफटीवरच्या कुणीतरी पेटी बघून टोपी काढली, तिला वाटलं आता, आत्ता. पण नाही. शहर मागे पडलं. हात आखडला, बोटांना मुंग्या आल्या, तिने हात काढला नाही. मागे ओबेद पुटपुटत प्रार्थना करत होता. तोही भ्यालेला होता, हे तिला त्या प्रवासात पहिल्यांदाच जाणवलं.

डांबरी रस्ता सोडून गाडी सेमेच्या लाल मातीला लागली. कुंपणाची झाडं दिसली. फाटकाशी ही गर्दी! बायांनी गाडी बघून आक्रोश सुरू केला, पोरं धावत सुटली. आणि त्या गर्दीत तिच्या दोन मुली, एकमेकींचे हात धरून.

गाडी फाटकात थांबली. आत्याने सुटकेचा श्वास सोडला.

टिंग.

बाई बोलायला लागली. हळू, गोड, समजूत घातल्यासारखं. बरोबर ओबेदच्या कानाशी. ओबेद उडाला तो थेट आत्याच्या मांडीवर. "ऐकलंत? ऐकलंत सगळ्यांनी?" तो बोबडं ओरडायला लागला. "उतरवा हिला! उतरवा!" उघड्या खिडक्यांतून आवाज बाहेर गेला आणि रडणाऱ्या बाया एकदम थिजल्या. रडणं थांबलं, ते ऐकून नेरियाला जास्त भीती वाटली. तिची धाकटी पोर "आई!" म्हणून किंचाळली.

नेरियाने डोळे मिटले आणि तार उपटली.

आवाज शब्दाच्या मध्येच तुटला.

तिने डोळे उघडले. मग आखडलेल्या बोटांनी तारेची दोन टोकं कशीबशी एकमेकांना लावली. टिंग, आणि बाई पुन्हा बोलली. टोकं दूर केली. गप्प. लावली, बोलली. दूर केली, गप्प. ती रडत होती, हसत होती, आणि टोकं लावत आणि काढत होती. जाफेथने तिच्या मनगटावर हात ठेवला तेव्हा कुठे थांबली.

"पुरे ताई," तो हळूच म्हणाला. "दोन-एक तास गाडी सलग चालली की बोलते ही जपानी बाई, जरा थांबा म्हणत असणार; मधे किल्ली काढली की पुन्हा पहिल्यापासून मोजते. मालक मला उभा चिरेल आता. तोडायची नव्हती हो जुन्याची तार."

ओबेद आत्याच्या मांडीवरून उठून कपडे झटकत खाली उतरला आणि फाटकाच्या मधोमध उभा राहिला. "रेडिओ असेल नाहीतर आणखी काही," तो म्हणाला, पण आवाजात दम नव्हता.

पेरेस आत्या काठी टेकत त्याच्यासमोर गेली. सगळा गाव ऐकेल अशा आवाजात बोलली, "ओबेद, केरिचोपासून तुझ्या मनातलं तो रेडिओ बोलत होता. आता तो गप्प झालाय. हिला आत घ्यायचं नाही, असं तुला म्हणायचं असेल, तर तुझ्या स्वतःच्या तोंडाने म्हण. या तिच्या मुली उभ्या आहेत, हा तुझा भाऊ ऐकतोय. बोल."

ओबेदने तोंड उघडलं. पेटीकडे बघितलं, मुलींकडे बघितलं. तोंड मिटलं. मग बाजूला झाला.

नेरिया उतरली. दोन्ही मुली कोटाला येऊन बिलगल्या. पेटी अंगणात नेली, तिच्यामागे बायांनी पुन्हा टाहो फोडला. कडेला डोरिनाची कबर होती, सिमेंटची, कोपऱ्यावर गवत आलेलं. इतकी वर्षं जिला ती भीत आली, तिच्याजवळ नेरिया थांबली, वाकली आणि ते गवत उपटलं.

"तू नव्हतीस गं," ती म्हणाली. "मलाही वाटलं होतं, तूच. माफ कर."