वाळलेल्या लाकडाचा आवाज

मागच्या पडवीत लाकडाच्या तीन थप्प्या होत्या. भिंतीकडची गेल्या वर्षी फोडलेल्या तुतीची, एकशे चौसष्ट लाकडं. मधली यंदाच्या तुतीची, दोनशे दहा. दाराजवळची निलगिरीची, ब्याण्णव. ती फक्त चुलीसाठी, कारण निलगिरीच्या धुरात ठेवलेला मासा खाताना खोकल्याचं औषध घेतल्यासारखं वाटतं. शिवाय टोपलीभर ढलप्या, एक कुऱ्हाड, दोन पाचरी आणि एक स्टूल. एवढं सरपण हाताशी असून शेजारची धुरीची खोली थंड पडली होती.

स्टुलावर धुरंधर बसले होते. त्यांचं खरं नाव फक्त कागदोपत्री उरलं होतं. बाजारात सगळे धुरंधरच म्हणत, कारण उभा जन्म त्यांनी लोकांच्या मासळीला धुरी देण्यात घालवला होता आणि त्यांच्या हातचा मासा कधी कडू निघाला नव्हता. श्रेय ते लाकडाला देत. ओलं लाकूड नीट पेटत नाही, धुमसत बसतं. त्याचा दमट काळा धूर माशावर बसतो आणि मासा तवा चाटल्यासारखा लागतो. म्हणून लाकूड पारखून घ्यायचं. त्यांची रीत साधी होती: दोन लाकडं हातात घ्यायची, एकमेकांवर आपटायची आणि ऐकायचं. वाळलेलं लाकूड टण्ण वाजतं, ओलं ढप्प.

यंदा सगळीच ढप्प वाजत होती.

आधी त्यांनी हवेला दोष दिला. पाऊस लांबला होता, हवा दमट होती, तेव्हा तो दोष हवेला शोभूनही दिसत होता. मग त्यांनी थप्प्यांवरचा प्लॅस्टिकचा कागद काढला, खाली विटा सारल्या, प्रत्येक लाकडाच्या आजूबाजूला वारा खेळेल अशा फटी ठेवून सगळं नव्याने रचलं. काही दिवसांनी पुन्हा उलटं रचलं, खालचं वर, वरचं खाली.

"पोरगं लहान असताना त्याची कूस कधी बदलली नाहीत," बायको स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली होती, "आणि लाकडांची मात्र रोज!"

धुरंधर लाकडं रचत राहिले. बायको हल्ली पुटपुटायला लागली आहे, असं त्यांचं मत झालं होतं. सून तर पहिल्यापासूनच तोंडातल्या तोंडात बोलायची.

त्या दिवशी सकाळी मासळीवाली दोन क्रेट घेऊन दारात उभी राहिली. ती त्यांचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. आधी तिची आई यायची, आता ती.

"काका, आज तरी पेटवणार का?"

"लाकूड तयार नाही."

"मागच्या खेपेलाही हेच म्हणालात. लाकूड तयार नाही, लाकूड तयार नाही! लग्नाची मुलगी आहे का ती?" तिने क्रेट खाली ठेवले. "हे बघा, दुकानाच्या मागच्या गल्लीत एकाने विजेचं कपाट आणलंय. बटण दाबलं की धूर."

"बटणाचा धूर!"

"मलाही आवडत नाही हो. पण लोक मला विचारतात, तुम्हाला नाही. आज बर्फ टाकून आणलीय मासळी. संध्याकाळपर्यंत धुरावर चढली नाही तर मी घेऊन जाते. मग रागावू नका."

रागावण्याचा प्रश्न नव्हता. एकदा तिची मासळी त्या कपाटात गेली की परत येणार नाही आणि तिच्यामागून बाकीच्यांचीही जाईल, हे धुरंधरांना दिसत होतं. पण ओल्या लाकडावर मासा चढवायचा म्हणजे आपल्याच नावाला आपल्या हाताने काजळी फासायची. दोन्हीकडून गळ्याशी आलं होतं.

सून बाहेर आली. ती पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत कामाला होती आणि आज तिला सुट्टी होती. तिने भिंतीकडच्या थप्पीतलं एक लाकूड उचलून उलटसुलट पाहिलं.

"बाबा, मला तर हे वाळलेलं वाटतंय."

"काय?"

"वाळलेलं! टोकाला भेगा पडल्यात, साल सुटलीय. हलकंही लागतंय."

"भेगा वरवरच्या असतात गं. आतलं कुणी पाहिलंय? आत काय आहे ते लाकूड स्वतः सांगतं." त्यांनी तिच्या हातातलं लाकूड घेतलं आणि दुसऱ्यावर आपटलं. ढप्प. "ऐकलंस? आता तुला खऱ्या वाळक्या लाकडाचा आवाज ऐकवतो." त्यांनी घराकडे तोंड करून हाक मारली. "अगं, लाटणं आण!"

"कुणाला मारायचंय?" आतून प्रश्न आला. तो त्यांना ऐकू आला नाही.

"आणि त्या मोडक्या खुर्चीचा पाय, माळ्यावरचा!"

बायको दोन्ही घेऊन आली. लाटणं तिच्या लग्नातलं होतं, खुर्ची त्याहून जुनी. या दोन लाकडांत पाण्याचा थेंब उरला असणं शक्यच नव्हतं. धुरंधर उठून उभे राहिले, तिघींकडे पाहून घेतलं आणि शाळेत प्रयोग दाखवणाऱ्या मास्तरांच्या ऐटीत लाटणं खुर्चीच्या पायावर हाणलं.

ढप्प.

त्यांनी लाटण्याकडे पाहिलं. पुन्हा हाणलं, जोराने. हाताला झिणझिण्या आल्या. आवाज तोच, गादीवर काठी मारल्यासारखा.

"बाई गं!" मासळीवालीने कानावर हात नेला. "कानठळ्या बसवता का काका?"

"कसं वाजलं?" त्यांनी विचारलं.

"कसं म्हणजे? टण्ण!"

"आणि हे?" त्यांनी थप्पीतली दोन लाकडं आपटली.

"हे पण तसंच."

ते सुनेकडे वळले. सुनेने एकदा सासूकडे पाहिलं, मग हळूच मान डोलावली. "दोन्ही सारखीच वाजली, बाबा."

"मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

उत्तर त्यांनाही ठाऊक होतं. या घरात चूल कुणीही पेटवायची, भांडी कुणीही घासायची, पण लाकूड ऐकायचं काम एकाच माणसाचं होतं. त्यांनी ढप्प म्हटल्यावर ते टण्ण आहे असं कोण म्हणणार?

त्यांनी लाटणं बायकोच्या हातात दिलं, धुरीच्या खोलीत गेले आणि दार लोटून घेतलं.

खोली लहान होती. वर लोखंडी सळ्या, खाली राखेचा खड्डा, भिंती धुराने काळ्या आणि गुळगुळीत झालेल्या. इथे बसून ते ज्वाळेचा, निखाऱ्याचा, लाकडाच्या टोकाशी फसफसणाऱ्या रसाचा आवाज ओळखत आले होते. ते आठवू लागले. शेवटचं फसफसणं कधी ऐकलं होतं? आठवेना. गेल्या हंगामातही लाकूड अगदी शांत जळत होतं आणि ते मनातल्या मनात खूश झाले होते.

बायको आत आली आणि खड्ड्याच्या काठावर त्यांच्यासमोर बसली.

"दारावरची बेल वाजली तरी तुम्ही उठत नाही," ती मोठ्याने म्हणाली, "हे मला कळलं होतं. मला वाटलं, उठायचा कंटाळा."

"कंटाळाही होताच."

"तो तर लग्नापासून आहे."

ते हसले नाहीत. तळहातावरचा घट्टा दुसऱ्या अंगठ्याने चोळत राहिले. "आता मी काय करायचं? तुम्ही ऐकून सांगायचं आणि मी हमालासारखं रचायचं?"

"रचायला तरी दुसरं कोण येतंय?"

"चेष्टा नको गं."

"चेष्टा नाही करत." तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण तिला ते धुराच्या वासावर ढकलता आलं असतं. "कानांना दाखवू डॉक्टरकडे, ते होईल. पण ती बाई बाहेर बर्फ वितळताना बघत बसलीय. तिला काय सांगू?"

दुसऱ्याच्या कानावर भरवसा ठेवून आग लावायची, हे धुरंधरांच्या गळी उतरत नव्हतं. मग ते गुडघ्यावर हात टेकून उठले.

"सूनबाईला बोलाव. तिच्याकडे मोजायचं काही असेल."

होतं. सून याच बोलावण्याची वाट पाहत असल्यासारखी धावत आली. प्रत्येक लाकडाची एक पातळ चकती कापायची, वजन करायचं, ओव्हनमध्ये मंद आचेवर ठेवायची आणि वजन उतरायचं थांबलं की पुन्हा तोलायची. जेवढं उतरलं तेवढं पाणी. कोरड्या लाकडाच्या वजनाच्या मानाने ते पाणी वीस टक्क्यांपेक्षा कमी भरलं तर लाकूड वाळलं म्हणायचं. हे सगळं तिने एका दमात सांगितलं.

"आता हळू सांग," सासरे म्हणाले, "आणि तोंड माझ्याकडे कर."

तिने पुन्हा सांगितलं. या वेळी त्यांना सगळं कळलं. ती तोंडातल्या तोंडात बोलत नाही, हेही कळलं, पण ते त्यांनी बोलून दाखवलं नाही.

"ठीक. पण आधी मी सांगणार, मग तू मोजायचं. न वाजवता सांगणार."

"माझ्या ओव्हनमध्ये लाकडं?" बायको म्हणाली.

"चकत्या, आई. बिस्किटांएवढ्या."

"बिस्किटं मी करते, तीही जळतात त्यात."

लाकडं मासळीवालीने निवडली, म्हणजे कुणाला शंका नको. गेल्या वर्षीच्या थप्पीतली चार, यंदाच्या थप्पीतली चार आणि कोपऱ्यावरच्या घरात नुकतंच तुतीचं झाड तोडलं होतं, तिथून मागून आणलेली चार. तिने ती मिसळली. सुनेने टोकांवर पेन्सिलने आकडे घातले. ताजी चार ओळखू येऊ नयेत म्हणून त्याआधीच सगळ्यांची साल तासून टोकं नव्याने कापली होती. आता भेगाही दिसत नव्हत्या.

धुरंधरांनी पहिलं लाकूड उचललं. वर-खाली तोललं, टोक नाकाशी नेलं, कापलेल्या बाजूला गाल टेकवला. ओल्या लाकडाचा गारवा गालाला कळतो, असा त्यांचा अंदाज होता. पण याआधी त्याची कधी गरज पडली नव्हती. पहिल्याला बराच वेळ लागला.

"वाळलेलं."

दुसरं ओलं. तिसरं वाळलेलं. चौथ्याला ते अडले. दोन्ही हातांत घेऊन फिरवलं, पुन्हा हुंगलं. त्यांच्या हाताला एका लाकडावर दुसरं आपटायची सवय होती. तो हात आपोआप वर गेला आणि तिथेच थांबला.

"मला कळत नाही," ते म्हणाले.

बायकोने चमकून पाहिलं. एवढ्या वर्षांत हे वाक्य तिने त्यांच्या तोंडून लाकडाबद्दल ऐकलं नव्हतं.

"ते बाजूला ठेव," ते तिला म्हणाले. "ते तू ऐक."

"मी?"

"इतकी वर्षं माझी ठकठक ऐकून डोकं उठतं म्हणायचीस ना? मग कानात काहीतरी शिरलं असेलच."

शेवटी पाच लाकडं वाळलेली, चार ओली आणि तीन बायकोच्या वाट्याला, अशी वाटणी झाली. तिने त्या तिन्हींवर लाटणं मारलं, डोळे मिटून ऐकलं, एका लाकडावर दोनदा मारलं आणि आपला निकाल सांगितला. सुनेने बारा चकत्या कापल्या, तोलल्या आणि ओव्हनमध्ये रचल्या.

धुरंधर निकालासाठी थांबले नाहीत. चकत्या आत गेल्यावर त्यांनी भिंतीकडच्या थप्पीतून एकेक लाकूड गालाला लावून बाहेर काढलं, नको वाटलं ते परत ठेवलं आणि खड्ड्यात आग घातली. मग मासळीवालीला म्हणाले, "आण क्रेट."

"नक्की ना काका?"

"नक्की नाही. आण."

तिने एकदा काकूंकडे पाहिलं आणि क्रेट उचलले. दोघांनी मिळून मासे सळ्यांवर टांगले. निखारे पडेपर्यंत धुरंधर आगीवर डोळे लावून बसले, कारण आता ऐकण्यावर काही ठेवता येत नव्हतं. दाराच्या फटीतून धूर बाहेर आला, पातळ आणि निळसर.

दुपार कलल्यावर सून वजनकाटा हातात घेऊनच पडवीत आली. ती त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली, त्यांनी वर पाहेपर्यंत थांबली आणि मोठ्याने, सावकाश बोलू लागली.

"तुम्ही पाच वाळलेली म्हणालात. त्यातली चार वीस टक्क्यांच्या खाली भरली. पाचव्यात सव्वीस टक्के पाणी निघालं. चार ओली म्हणालात, ती चारही ओली. आईंनी तीन सांगितली, त्यातली दोन बरोबर."

"एकूण?"

"बारापैकी दहा."

"मग उद्याही मासळी इथेच आणते," मासळीवाली रिकामे क्रेट उचलत म्हणाली.