मला नाही माइंड

लोर्ना पाच वर्षांची असताना तिच्या आईनं वॉल्टर स्लेटरशी काडीमोड घेतला आणि मुलीला घेऊन ती स्कॉटलंडहून कॅनडाला गेली. वॉल्टर पोर्टसॉयच्या बंदराला धरून मासेमारी करत राहिला. नाताळला त्याचा फोन यायचा. हवा कशी, शाळा कशी, एवढं झालं की दोघंही गप्प. लोर्नाचं लग्न ठरलं तेव्हा आई म्हणाली, "त्याला बोलावलंस तर मी येणार नाही." लोर्नानं बापाला कळवलंच नाही. वॉल्टरला बातमी लागली ती कुठल्याशा भाचीकडून.

आई वारल्यावर, पन्नाशीला टेकलेली लोर्ना एका ऑगस्टमध्ये बापाकडे आली. विषय काढायचा धीर व्हायला निघायचा दिवस उजाडला. दोघं धक्क्यावर बसून तळलेला मासा खात होती.

"बाबा, मी तुम्हाला लग्नाला बोलावलं नाही. तुम्ही ते माइंड केलंत का?"

वॉल्टरनं बोटं कागदाला पुसली. "मला नाही माइंड, पोरी."

"खरंच?"

"हल्ली मला कशाचंच माइंड नाही. पण शेजारच्या नॅनला बोलू नकोस. लगेच डॉक्टर आणून बसवेल."

लोर्ना हसली. इतका सगळा राग सोडून दिलेल्या माणसाला डॉक्टर कशाला, असं म्हणत तिनं त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं. तोही कसनुसा हसला. ती विमानात बसली तेव्हा कित्येक वर्षांचं ओझं उतरल्यासारखी गाढ झोपली.

फेब्रुवारीत नॅन पिरीचा फोन आला. वॉल्टर पहाटे, कधीच विकून टाकलेली होडी सोडायला बंदरावर गेला होता आणि शेवाळलेल्या पायऱ्यांवरून घसरला. कंबरेचं हाड मोडलं होतं. लोर्ना धावत आली.

"उन्हाळ्यात तुला काही जाणवलं नाही?" चहा ओतता ओतता नॅननं विचारलं.

"उलट फार शांत वाटले. म्हणाले, मला कशाचंच माइंड नाही."

नॅननं किटली खाली ठेवली. "असं म्हणाला तो? आणि तू निघून गेलीस?"

"म्हणजे?"

"अगं, आमच्या इकडच्या स्कॉट बोलीत माइंड म्हणजे आठवण. काही आठवत नाही म्हणून सांगत होता तो तुला. आम्हाला कुणाला ताकास तूर लागू दिली नाही त्या म्हाताऱ्यानं."

लोर्नानं कप बाजूला सारला. आपल्याला मिळालेली माफी माफी नव्हतीच, हे तिला आधी कळलं. दुसरी गोष्ट कळायला जिना उतरून रस्त्यावर यावं लागलं. बापानं आयुष्यात एकदाच तिच्यापाशी मन उघडं केलं होतं.

हॉस्पिटलातून वॉल्टरला वृद्धाश्रमात हलवलं होतं. तिथे त्यानं तिला ओळखलं नाही. पण परक्या बाईशी बोलावं तसं तो अदबीनं बोलला.

"माझी मुलगी कॅनडात असते. लग्न ठरलंय तिचं. सूट इस्त्री करून ठेवलाय मी."

"बोलावणं आलं?"

"येईल की. लांबून यायचं असतं."

लोर्नानं खुर्ची जवळ ओढली. "आलंय. तेच सांगायला आलेय मी. जूनमध्ये आहे, तुम्ही नक्की या म्हणाली."

"जूनमध्ये मासा जोरात असतो," तो विचारात पडला. "पण येईन म्हणावं."

थोड्या वेळानं त्यानं पुन्हा मुलीच्या लग्नाचा विषय काढला. तिनं पुन्हा आमंत्रण दिलं. ती तिथे होती तोवर रोज हेच चाललं, आणि दर वेळी त्याचा चेहरा तसाच उजळायचा.

मे महिन्यात तो गेला. बापाला लग्नाला न बोलावल्याची चूक लोर्ना पुढे नवऱ्यापाशी, मुलांपाशी बोलू शकली. धक्क्यावर आपण हसलो होतो, हे मात्र तिनं कुणालाच सांगितलं नाही.