तबकडी इंजिनाची देखभाल

एकाच माणसाने, एकाच आराखड्यावरून, एकाच महिन्यात किल्लीची दोन छोटी इंजिने बनवली. त्यांतले एक एकेचाळीस वर्षे काचेच्या कपाटात राहिले आणि दर रविवारी नेमाने पुसले गेले. त्याला तीन डब्यांपलीकडे ओढवत नाही. दुसरे तितकीच वर्षे माळ्यावर, पुठ्ठ्याच्या खोक्यात पडून होते. ते नऊ डबे ओढते.

पहिले तिच्या वडिलांच्या घरचे. दुसरे मामीने एका सकाळी पिशवीत घालून आणले आणि तिच्या टेबलावर ठेवले. सोबत रेल्वे संग्रहालयाचे पत्र होते. मामाने रेल्वेसाठी आखलेल्या खऱ्या, मोठ्या इंजिनाच्या छायाचित्राखाली पाटी लावायची होती आणि मजकूर तयार होता: ‘रचनेतील दोषामुळे चौदा महिन्यांत मोडीत.’

“पुढल्या सोमवारपर्यंत कळवा म्हणालेत,” मामी म्हणाली. “खरं असेल तर तसंच राहू दे, मी हूं की चूं करणार नाही. पण तुझा मामा जाईपर्यंत एकच सांगत होता, गणित चुकलं नव्हतं. तू काटे-वजनं घेऊन बसणारी बाई. तूच बघ.”

ती धातू तपासणाऱ्या प्रयोगशाळेत तीस वर्षे काढलेली बाई होती. मृत माणसाच्या हट्टाला पुरावा मानण्याची तिला सवय नव्हती. पण मामाने छोटी इंजिनेही मोठ्यासारखीच, आतल्या चाकासकट बांधली होती, हे तिला ठाऊक होते.

वाफेच्या जमान्याच्या अखेरीस डिझेलचे जे नाना प्रयोग झाले, त्यांतला एक म्हणजे मामाचे मोठे इंजिन. त्यात वेग बदलणारी दातेरी चाके नव्हती. इंजिन एक मोठी पोलादी तबकडी फिरवी. तिच्या सपाट तोंडाला काटकोनात एक चाक टेकलेले असे, कडेला दाबलेल्या कागदाचा जाड पट्टा बसवलेले, आणि ते निव्वळ घर्षणाने फिरे. चाक तबकडीच्या मध्याकडे सरकवले की गाडी हळू, कडेकडे सरकवले की वेगात. चाचणीच्या दिवशी मामाने स्वतः दांडा धरला आणि भरलेले नऊ डबे चढावर नेले. दुसऱ्या दिवशी इंजिन शेडमधल्या सर्वांत नावाजलेल्या वाफेच्या चालकाच्या हाती दिले. तो चालक म्हणजे तिचे बाबा, मामाचे मेहुणे.

तिसऱ्या महिन्यात ते सहा डबे ओढू लागले, वर्ष सरता सरता तीन. चौकशी समिती बसली. बाबांनी साक्ष दिली, “ते पकड धरत नाही. जीवच नाही त्यात.” समितीतले तिघेही वाफेवर वाढलेले. त्यांनी झाकण उघडून आतली लखलखीत तबकडी पाहिली आणि लिहिले: ‘देखभाल उत्कृष्ट. सबब दोष रचनेचा.’ इंजिन भंगारात गेले, मामा जिन्याखालच्या नकाशाघरात गेला, आणि त्याने पुन्हा काही आखले नाही.

त्या संध्याकाळचे स्वयंपाकघरातले बोलणे तिला आठवत होते. तेव्हा ती नऊ वर्षांची होती.

“भावजी, तुम्ही माझ्याविरुद्ध बोललात.”

“मी इंजिनाविरुद्ध बोललो.”

“माझ्यात आणि त्याच्यात तेव्हा काही फरक होता का?”

मामा चहा तसाच ठेवून उठला. आईचे माहेर त्या दिवशी तुटले ते तुटलेच. आई गेली तेव्हा मामा आला, दारात उभा राहिला आणि दारातूनच परतला.

बाबांच्या कपाटातले मागून आणून तिने दोन्ही छोटी इंजिने उघडली. वजन सारखे. स्प्रिंगचा दाब सारखा. किल्लीचे अकरा वळसे दिले की दोन्ही तबकड्या सारख्याच वेळात थांबत. मग तिने फक्त घर्षणाची चाके अदलाबदल केली. आता कपाटातले इंजिन नऊ डबे ओढू लागले आणि खोक्यातले तिनावर अडले. दोष चाकाबरोबर गेला होता.

ते दोषी चाक तिने टीपकागदावर ठेवले. दोन दिवसांनी कागदावर पिवळसर वर्तुळ उमटले.

ते तेलाचे होते. दर रविवारी बाबा जमिनीवर वर्तमानपत्र पसरून इंजिन उतरवत आणि लांब चोचीची तेलाची बुधली तिच्या हाती देत. “फिरतं ते तेल मागतं,” ते म्हणत. “एकच थेंब. दुसरा पडला तर तो लाड.” ती एकेका सांध्यावर एकेक थेंब सोडी. लग्न होईपर्यंत, एकही रविवार न चुकवता.

तिने चाक स्पिरिटमध्ये धुतले, तीन दिवस वाळवले. ते चार डबे ओढू लागले. पाचवा काही केल्या हलला नाही. कागदात मुरलेले तेल निघत नव्हते. मामीकडून मागवलेली मामाच्या आराखड्याची तेवीस पाने तिने ओळ न ओळ वाचली. तेल नको, असे कुठेही लिहिलेले नव्हते. मामाच्या लेखी ते लिहिण्याजोगे नसावे. ब्रेकच्या ठोकळ्याला तेल लावू नका, असेही कोणी लिहीत नाही.

रविवारी ती दोन्ही इंजिने घेऊन बाबांकडे गेली. बाबा त्र्याऐंशी वर्षांचे, कान अधू, जीभ शाबूत. त्यांनी सगळे ऐकून घेतले.

“म्हणजे मी मारलं म्हणतेस.”

“मी नाही, चाक म्हणतंय.”

“मग त्याला वकील कशाला लागला?” बाबांनी खुर्ची पुढे ओढली. “आणि माझं काही चुकत होतं तर त्यानं येऊन सांगायचं. तेल नको, एवढं बोलायला जीभ झिजली असती का त्याची?”

“तुम्ही विचारलं होतंत?”

“मी? वीस वर्षं इंजिन हाकलेल्या माणसानं कागदावर रेघा मारणाऱ्याला विचारायचं, तेल कुठं घालू म्हणून?”

तिने टीपकागद काढून त्यांच्यापुढे ठेवला.

“तेलानं मेलेलं यंत्र मला एक दाखव,” बाबा म्हणाले. “एका चाकावरून निकाल देता होय तुमच्या प्रयोगशाळेत?”

आक्षेप बिनतोड होता. हाती नमुना एकच होता, आणि उलट तपास, म्हणजे चांगल्या चाकाला तेल देऊन पाहणे, तिने केला नव्हता, कारण तो करवत नव्हता. बाबांनी बुधली उचलली.

“बाबा, नको. हे धुऊन परत येत नाही. चांगलं असं एवढंच उरलंय.”

मामीकडून आलेल्या चाकाच्या कडेवर त्यांनी थेंब सोडला. एकच. मग किल्लीचे अकरा वळसे दिले, मागे नऊ डबे जोडले आणि कळ सोडली.

तबकडी फिरली. चाक जागचे हलले नाही.

बाबांनी एक डबा काढला. मग आणखी एक. चार उरले तेव्हा इंजिन कुरकुरत निघाले.

“एका थेंबात पाच डबे,” बाबा म्हणाले. काढलेले डबे त्यांनी एका रांगेत लावले, पुन्हा मोडून लावले. “मोठ्यात मी रोज अर्धी बुधली ओतायचो. बाकी सगळं तेलानं चमकायचं आणि ते एवढं चाक कोरडं. मला वाटायचं, बिचाऱ्याकडे कोणाचं लक्ष नाही.”

डब्यांवरून बोट फिरवत त्यांनी विचारले, “चाचणीला चढावर किती ओढले होते त्यानं?”

“नऊ.”

“नऊच. मी बघत होतो.” मग म्हणाले, “कागद काढ. तू लिही, मी सही करतो.”

सोमवारी संग्रहालयाकडे गेलेला मजकूर असा होता:

‘तबकडी इंजिन. एकच बांधले गेले. चौदा महिने चालले. रचनेत दोष नव्हता. घर्षणाचे चाक कोरडे राहणे आवश्यक होते. आराखड्यात तसे लिहिलेले नव्हते आणि चालकाने विचारले नाही. चाकाला रोज तेल दिले गेले. त्यामुळे ते घसरू लागले.’

खाली, वेगळ्या अक्षरात, सहीच्या वर एक ओळ होती:

‘तेल मी दिले.’