बाजूची गोधडी

कोकिळेनं एका हातानं नाक दाबलं आणि दुसऱ्या हातातल्या काठीनं गोधडी सोड्याच्या उकळत्या पाण्यात ढकलली. वर तपकिरी फेस आला. शी! तिनं तोंड फिरवलं. घरातल्या ज्या बाईला कावळा शिवेल, तिनं तीन दिवस मागच्या खोलीत याच गोधडीवर निजायचं. गेल्या श्रावणापासून त्यात कोकिळाही आली होती. एरवी तिला त्या गोधडीकडे पाय करूनही झोपवत नसे.

पण घरात दाखवण्याजोगी हीच एक होती. शिवणाच्या कमलबाईंनी वर्गात विचारलं, "हातानं शिवलेली जुनी गोधडी कोणाकडे आहे?" तेव्हा पहिला हात हिचाच वर! नवं मध्य प्रदेश राज्य झालं म्हणून शनवारा भागातल्या शाळेत प्रदर्शन भरणार होतं.

"तीच भेटली तुले?" सरुबाई मागं येऊन उभी राहिली. "चार लोकांत मांडणार?"

"धुतल्यावर कोणाला कळतंय, आई?"

"वास जाईन. गोधडी कशाची, ते जाईन का?"

"मग नको नेऊ?"

सरुबाई वाकून फेसातले टाके पाहू लागली. बाजूला बसलेल्या बाईनं घरात कशाला हात लावायचा नाही, सुई-दोरा तेवढा चालतो. त्या सुईनं सरुबाईनं नऊ वर्षं ही गोधडी भरली होती. तांदळाच्या कणीएवढे टाके, गोल गोल, आत आत जाणारे.

"काठी आपटू नको, दोरा तुटेल," ती म्हणाली. "आणि माझं नाव घ्यायचं नाही."

प्रदर्शनात गोधडी खिडकीशेजारी टांगली. सरुबाई आली, पहिल्यांदाच शाळेत. पदर सावरून भिंतीशी उभी राहिली आणि नुसती बघत राहिली.

पाहुण्या होत्या एक वकिलीणबाई. त्यांनी गोधडीचं टोक उचलून गालाला लावलं.

"कितनी मुलायम! किसने बनाई, बेटी?"

कोकिळेला राहवलंच नाही. "माझ्या आईनं! नऊ वर्षं लागली. महिन्यातून तीनच दिवस मिळायचे ना तिला!"

शब्द गेले ते गेले. मागून शेजारची भागाबाई फिसकन हसली. "अगं माय, बाजूची गोधडी टांगली हिनं!"

चटका बसावा तसा वकिलीणबाईंचा हात सुटला. त्यांनी गाल पदरानं खसाखसा पुसला, बोटं ताठ करून अंगापासून लांब धरली. "छी, छी! ये सब यहाँ टाँगते हैं? अरे, कोई पानी लाओ!"

कोकिळेची नजर त्या लांब धरलेल्या पाच बोटांवर खिळली. असली किळस तिला आजवर कशाचीच आली नव्हती. कमलबाई मान खाली घालून गोधडी उतरवू लागल्या.

कोणी हलायच्या आत सरुबाईनं व्हरांड्यातल्या माठातून तांब्या भरून आणला. वकिलीणबाईंच्या हातांवर धार धरली. त्यांनी हात धुतले, तोंड धुतलं, मग त्या ओंजळीनं दोन घोट प्यायल्या.

"भला हो तुम्हारा, बाई," त्या म्हणाल्या. ही कोण, हे त्यांनी विचारलं नाही.

घरी जाताना गोधडी सरुबाईच्या डोक्यावर होती.

"आई, चुकलं माझं. रागावलीस?"

"उजेडात टाके बरे दिसत होते."

वाटेत मारुतीचं देऊळ आलं. सरुबाई पायरीला हात लावल्याशिवाय कधी पुढं जात नसे. आज ती रस्ता ओलांडून पलीकडच्या कडेनं निघाली.

कोकिळा जागीच थांबली. मग धावत तिला गाठलं.

"आई! कधीपासून?"

"काल सकाळपासून."

"म्हणजे ते पाणी..."

"हळू बोल."

"पण घरात कोणालाच नाही सांगितलंस?"

सरुबाईनं डोक्यावरची घडी नीट केली.

"सांगितलं असतं, तर मले पाहाले येऊ दिलं असतं का?"