दारावरचा एल

आशाताई, म्हणजे सरकारची आरोग्य कार्यकर्ती म्हटलं की गावाला वाटतं, हिला सगळं कळतं. मलाही तसंच वाटायचं. येरमाळ्याजवळच्या आमच्या गावात बारा वर्षं मी घरोघर हिंडतेय. कुणाच्या सुनेला कितवा महिना, कुणाची शुगर किती, मला झोपेतसुद्धा सांगता येतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो माझ्याच घरात होता, आणि तो मीच ठेवला होता.

गेल्या वर्षी कुष्ठरोगाची तपासणी निघाली. बायांना आतल्या खोलीत नेऊन पाठ, पोट, कंबर, मांड्या उजेडात बघायच्या, फिकट चट्टा दिसला की लिहायचा. प्रशिक्षणात डॉक्टरबाईंनी बजावलं होतं, "चट्टाच कशाला, न भरणारी जखम दिसली तरी पाठवा. कंबर नीट बघा. परकराची नाडी वर्षानुवर्षं एकाच जागी काचते, तिथं काळा वळ पडतो. त्या वळात कधीकधी कॅन्सर होतो." आम्ही एकमेकींकडे बघून हसलो. नाडीनं कॅन्सर! काहीही सांगतात.

घर तपासून झालं की दाराशेजारी गेरूनं इंग्रजी एल काढायचा. एल म्हणजे हे घर झालं.

सुरुवात मी माझ्याच घरापासून केली. म्हणजे लिहिण्याची. ओट्यावर बसून चारही नावं घातली: माझे मालक युवराज, मुलगी हर्षाली, मी आणि सासूबाई कमलबाई. चौघांपुढं 'तपासले, काही नाही'. सासूला साडी सोडा म्हणायची हिंमत कुठल्या सुनेत असते? अठरा वर्षांत मी त्यांची पाठसुद्धा उघडी बघितलेली नव्हती.

आत्या, मी सासूबाईंना आत्याच म्हणते, त्या दिवशी सकाळीच न्हाऊन उंबऱ्याशी बसल्या होत्या. धुतलेली साडी, कोरा परकर. मी चेष्टा केली, "काय आत्या, लग्नाला निघालाव का?" त्यांनी साडीच्या निऱ्या सारख्या केल्या. मी एल काढला आणि पिशवी उचलून गल्लीत गेले.

पलीकडच्या जैनबबीनं हसत हसत सगळं दाखवलं. "देखो बाई, सरकारला बी कळू दे माझं रूप," म्हणाली. तिच्या पाठीवर नुसता नायटा निघाला, तरी मी तिला दुसऱ्याच दिवशी दवाखान्यात नेलं आणि शाबासकी मिळवली.

पुढं आत्या आपले कपडे आपणच धुऊ लागल्या. मला राग आला. माझं धुणं आता पटत नाही वाटतं, असं मी त्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं दोनदा बोलले. परकराची गाठ त्या कधी डावीकडे घेत, कधी सैल सोडत. मग साडीच पार पोटावर चढवून नेसू लागल्या. हे सगळं मी बघत होते. बघायचंच तर मला काम आहे.

पंधरा दिवसांपूर्वी चुलीपुढून उठताना त्या "आई गं" करून खाली बसल्या. परकराला पू आणि रक्त लागलेलं होतं. मी दार लावलं आणि न विचारता नाडी सोडली. उजव्या अंगाला, काळ्या वळावर, तळहाताएवढी जखम होती. फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी वर आलेली. मी पदर नाकाला लावला.

बार्शीच्या दवाखान्यात तुकडा काढून तपासला. काल निकाल होता. तिथल्या डॉक्टरबाईंनी आत्यांच्या जांघेतल्या गाठी चाचपल्या आणि मला बाहेर बोलावलं.

"कॅन्सर आहे, गाठींपर्यंत गेलाय. ऑपरेशन करू, किरणांचा शेक देऊ, पण भरवसा देत नाही. वर्षापूर्वी चिंचोक्याएवढा असेल. तेव्हा आल्या असत्या तर तेवढाच काढून घरी गेल्या असत्या. घरात कुणी बघितलं नाही का?"

मी आशाताई आहे, हे मी त्यांना सांगितलं नाही. मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

परतीच्या एसटीत आत्या खिडकीपाशी बसल्या. मला रडू आवरेना. "आत्या, एवढं दुखत हुतं तर मला सांगायचं न्हाय का?"

"सुनंला कसं सांगावं? आन जागा बी तसली." त्यांनी खिडकीचा गज धरला. "पर त्या दिशी तुमची तपासणी हुती न्हवं? म्हनलं, आता ही सरकारी कामानं इचारंल. इचारलं की दावायचं, मंग लाज न्हाय. म्हनून तर न्हाऊन बसले हुते. जैनबबीकडं गेलीस, समद्या गल्लीत गेलीस. म्हनलं, खूण आदी केली, आपलं घर शेवटी घेत असंल. दिवस मावळस्तवर बसले म्या."

येरमाळ्याला आम्ही उतरलो.

घरी आलो तर दाराशेजारी तो एल तसाच होता. वळचणीखाली असल्यानं पावसानंही धुतला नव्हता. मी फडकं भिजवून आणलं आणि घासायला लागले. आत्यांनी चौकटीला टेकून माझा हात धरला.

"ऱ्हाऊ दे, राजेश्वरी. साहेब बघाया आला, तर तुझं काम अर्धं दिसंल."