दिनानाथ साहेब बेट तपासायला आले

आमची वस्ती काही बेट नाही. तीन बाजूंना नदी आहे, पण चौथीकडे चांगला डांबरी रस्ता आहे, बदलापूर स्टेशनवरून शेअर रिक्षा येते. फक्त सर्व्हेवाला आला तो नेमका पुराच्या दिवशी. चारी बाजूंना पाणी बघून त्या शहाण्याने 'बेट' लिहून टाकलं. पाणी दोन दिवसांत ओसरलं, पण कागद कुठे ओसरतो? वर्षभराने बेटवासीयांसाठी सहा खाटांचा दवाखाना मंजूर झाला, सोबत एक होडी. आम्ही म्हटलं, मिळतंय तर कशाला तोंड उघडा. मी शालन, तिथली आया. होडीत मी चादरी वाळत घालते.

माझ्या सुनेचं, प्रीतीचं, पहिलं बाळ उल्हासनगरला नेता नेता रिक्षातच गेलं. रेल्वेचं फाटक बंद होतं. आता पुन्हा तिचे दिवस भरत आले होते आणि मला एकच ठाऊक होतं, हे बाळ इथेच, यशोधरा सिस्टरच्या हातात व्हायला पाहिजे. तेवढ्यात पत्र आलं. आरोग्य खात्याचे दिनानाथ साहेब बेट तपासायला येणार. बेट सापडलं नाही तर दवाखाना त्याच दिवशी बंद.

मीटिंग बसली. माझा मुलगा राजरत्न म्हणाला, रस्ताच तोडू. जेसीबी आणला, रस्त्यावर आडवा रुंद चर खणला आणि नदी आत घेतली. ज्या कौसाबाईंनी त्या रस्त्यासाठी चार दिवस उपोषण केलं होतं, पहिली कुदळ त्यांनीच मारली.

साहेबांनी गाडी पलीकडे ठेवली आणि होडीत बसले. वल्हं राजरत्नच्या हातात. त्याने जन्मात होडी चालवलेली नाही. होडी मधोमध जाऊन नुसती गोल गोल फिरायला लागली. साहेब मात्र खूश. बेट एकदम अस्सल आहे म्हणाले.

आणि पलीकडच्या काठावर रिक्षा येऊन थांबली. प्रीती चामटोलीला माहेरी होती, तिला आठवडाभर आधीच कळा सुरू झाल्या. ती तिकडे, सिस्टर इकडे. मधलं पाणी आम्हीच आणलेलं. कोणाच्या नावाने बोटं मोडू?

राजरत्नने होडी कशीबशी तिकडे नेऊन बायकोला आत घेतलं. साहेबांना उतरा म्हणायचं कोणाला सुचलंच नाही. मधोमध आल्यावर प्रीती म्हणाली, आता थांबत नाही. सिस्टर पिशवी डोक्यावर धरून छातीभर पाण्यात उतरली. मागोमाग मी, पोहता येत नसताना. साहेबांना चादर आडवी धरायला लावली आणि तोंड तिकडे करा म्हणून दटावलं. होडी गोल फिरतेय, काठावरून अख्खी वस्ती सल्ले देतेय, आणि बाळ आलं.

रडलंच नाही. सिस्टर पाठ चोळत राहिली. माझे पाय गाळात रुतलेले, हात जोडलेले. मग एकदाचं रडलं, आणि मी पण.

साहेबांनी चादर ठेवली आणि सवयीने फॉर्म काढला. बेटाबाहेरचा जन्म दवाखान्याच्या नावावर धरता येत नाही म्हणाले.

"बाळ झालं तेव्हा होडी अलीकडे होती की पलीकडे? काय लिहू?"

"जिवंत आहे म्हणून लिहा," मी म्हटलं. "आधीचं नव्हतं."